न सोडलेले पोते

टाकवे बुद्रुकच्या भातगिरणीत याह्या मुलाणी यांनी तीस वर्षांत स्वतःच्या घरचा भात एकदाही भरडला नाही. घरचे पोते ते सायकलच्या मागे बांधून चार मैलांवरच्या दुसऱ्या गिरणीत नेत, तिथे इतरांसारखा नंबर लावून बसत आणि तांदूळ घेऊन परत येत. लोक हसत. "गिरणीवाल्याचं सोताचं धान्य गिरणीत असलं, की गिऱ्हाइकाचं मूठभर कमी भरलं तरी नजर आपल्याकडंच जाती," एवढेच ते म्हणत.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. पोत्याचे तोंड मालकानेच सोडायचे. गावातल्या प्रत्येक घराच्या पोत्याला त्या घराची म्हणून एक चिंधी बांधलेली असे. कोणाची हिरव्या लुगड्याची, कोणाची जुन्या सदऱ्याची. बाई पोते ठेवून बाजाराला गेली आणि गिरणी तासभर रिकामी राहिली, तरी याह्याचाचा त्या गाठीला हात लावीत नसत. पोते डोक्यावरून उतरवून घेत, भिंतीशी नीट लावून ठेवीत आणि बिडी पेटवून वाट पाहत बसत.

इकबाल हा त्यांचा एकुलता मुलगा. त्याने गिरणी चालवली नाही, पण गिरणीचे हे दोन्ही नियम त्याच्या अंगात मुरले होते. लोणावळ्याच्या एका महाविद्यालयात तो संगणकाची प्रयोगशाळा सांभाळत असे आणि शिकवतही असे. राहायला कुसगावात, पत्नी गुलनाजच्या माहेराजवळ. बोलणे मोजके, शर्टाची घडी कधी मोडलेली नाही. त्याच्या टेबलावर विद्यार्थ्याचा पेन ड्राइव्ह विसरून राहिला, तर तो त्यावर कागद गुंडाळून सापडल्याची तारीख लिहून ठेवी. आत काय आहे हे उघडून पाहिले असते तर मालक मिनिटात कळला असता. तो आठ-आठ दिवस वाट पाही.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याने एक प्रोग्रामिंगची भाषा तयार केली होती. खेड्यातल्या मुलांना पहिला धडा तरी आपल्या शब्दांत लिहिता यावा, एवढाच तिचा हेतू. लिहिलेला मजकूर यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून देणारा जो प्रोग्राम असतो, तो कंपायलर त्याने एकट्याने, चार वर्षे खपून लिहिला. भाषेला नाव दिले 'भरड'. पुढे दहा-अकरा शाळा-महाविद्यालयांत ती शिकवली जाऊ लागली. याहून मोठे काही घडले नाही, आणि घडावे असे त्याला वाटलेही नाही.

ज्याला वाटले, तो माऊली. शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर, गावाच्या तोंडी माऊली. पहिलीपासून इकबालच्या बाकावरचा. आयटीआय करून तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीला लागला, सोमाटण्यात खोली घेऊन राहिला आणि भरड शिकून तिच्यात इकबालपेक्षा जास्त रमला. आकडे मराठी अक्षरांत लिहिणे, शब्द वर्णमालेच्या क्रमाने लावणे, पावसाच्या नोंदी मांडणे, असली लहान लहान कामे करणारे तयार तुकडे तो लिहू लागला. अशा तुकड्याला पॅकेज म्हणतात. एकाचे पॅकेज दुसऱ्याला आणून देणारा, कोणती आवृत्ती कोणाला चालते ते पाहणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज मॅनेजर. माऊलीने तोही लिहिला आणि त्याला 'कावड' म्हटले. त्याची इच्छा एकच होती. भरडचा कंपायलर जिथे जाईल, तिथे कावड त्याच्यासोबत जावी. एकदा कंपायलर बसवला, की वेगळे काही शोधायला लागू नये.

हा वाद झाला तो गिरणीतच. याह्याचाचा तेव्हा हयात होते, पट्टा उतरवून यंत्र पुसत होते.

"आरं, पोरगी शाळेत भरड टाकती," माऊली पोत्यांच्या थप्पीवर बसून म्हणाला, "आन पैलं काय इचारती? सर, पंचावन्न अक्षरात कसं लिवायचं? तू म्हनतोस, कंपायलर घे, बाकी तुझं तू हुडक. कुटं हुडकंल ती? डोंगरात?"

"कंपायलरचं काम भरडायचं आहे. धान्य आणायचं नाही."

"आला मोठा गिरणीवाला!"

"तुझ्या कावडीतून उद्या कोणी कुजकं काही पाठवलं तर? नाव भरडचं जाईल. आणि कंपायलर मला दहा वर्षं न बदलता ठेवायचाय. तुझी कावड दर सहा महिन्यांनी बदलते. दोन बैल एका चालीचे नाहीत, माऊली. एका जुवाला कशाला?"

"एकच वाट असली की ती मळती. न्हायतर तिगं तीन कावडी करतील, आन पोरं बसतील मधल्यामधी. चाचा, तुमी सांगा. माज्या आयचं पोतं तुमी उतरून घेता का न्हाई?"

"घेतो की," याह्याचाचा म्हणाले.

"बग!"

"पन सोडत न्हाई."

माऊली मोठ्याने हसला. "हे बापल्योक एका मातीचं!" चाचांनी फडके झटकले. "दोगंबी बरोबर हायसा," ते म्हणाले, "म्हनून तर हे मिटायचं न्हाई."

आणि ते मिटले नाही. इकबालने कावड भरडबरोबर दिली नाही. माऊलीने ती वेगळी प्रसिद्ध केली. लोक भरड घेत, मग कावड घेत. भांडण म्हणावे असे काही झाले नाही. ईदला माऊली शीरखुर्मा प्यायला कुसगावला येई, दिवाळीला इकबाल सोमाटण्याला जाई. मुलांच्या शाळेपासून घाटातल्या वाहतुकीपर्यंत सगळे बोलणे होई. तो एक विषय तेवढा दोघेही टाळीत. अकरा वर्षांत माऊलीने एकदाच, दारात चपला घालता घालता विचारले, "टाकून बगितलीस का कावड?"

"बघतो," इकबाल म्हणाला.

त्याने पाहिली नाही. विद्यार्थी ती वापरत, तो त्यांच्या खांद्यावरून दुसरीकडे बघे. ती कोठून चालते, तिची पॅकेजे कोठे साठवलेली आहेत, हे त्याने कधी विचारले नाही. शहरातल्या एखाद्या भाड्याच्या यंत्रावर असतील, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. विचारणे म्हणजे एक पाऊल मागे घेणे झाले असते. बाहेरच्या कोणा शिक्षकाने कावडीविषयी काही विचारले, तर त्याच्याकडे एक वाक्य तयार असे: 'कावड हा भरडचा भाग नाही. तिच्या कर्त्याशी संपर्क साधावा.'

गेल्या ऑगस्टमध्ये माऊली गेला. कावीळ अंगावर काढली, रुग्णालयात नेला तोवर फार उशीर झाला होता. सेहेचाळीस वय. टाकव्याच्या स्मशानात इकबाल सर्वांत शेवटी निघाला, आणि पुढचे कित्येक दिवस त्याला सोमाटण्याच्या फाट्यावरून जाववेना.

दिवाळीच्या सुट्टीत माऊलीची पत्नी अनिता कुसगावला आली. सोमाटण्याची खोली सोडून ती सासूकडे टाकव्याला राहायला गेली होती. रिक्षातून तिने संगणकाची एक काळी पेटी उतरवली.

"भाऊजी, पोरीची नववी हाय. तिला हा अभ्यासाला होईल. त्यांचं काय काय असंल आत, ते काढून साफ करून द्या. फोटो तेवढे ठेवा."

पेटीवर चिकटपट्टी होती. तिच्यावर माऊलीच्या तिरप्या अक्षरात लिहिले होते: 'बंद करू नये.' घरातल्या मुलांसाठी असेल, असे इकबालला वाटले. त्याने ती पट्टी जपून सोलली आणि टेबलाच्या कडेला लावून ठेवली.

मग त्याने पेटी सुरू केली. फोटो एका फोल्डरमध्ये होते, ते उतरवून घेतले. बाकीचे त्याच्यासमोर होते. नावे वाचायला एक नजर, उघडायला एक बोट पुरले असते. तो थांबला. गेलेल्या माणसाचे कागद चाळू नयेत, त्याच्या पत्रात, हिशेबात, मनात डोकावू नये, असे त्याला फार आतून वाटले. त्याने काहीही उघडले नाही. पेटीतल्या दोन्ही डिस्क पुसल्या, वर तीन वेळा शून्ये लिहिली, म्हणजे पुढे कोणाला काही उकरून काढता येऊ नये. मित्रासाठी आपल्याला करता येण्यासारखे हे शेवटचे काम आहे आणि ते आपण स्वच्छ हाताने केले, या विचाराने त्या दुपारी, ऑगस्टनंतर पहिल्यांदा, त्याला थोडे शांत वाटले. चिंधी बांधलेले पोते त्याने सोडले नव्हते.

सुट्टी संपली. प्रत्येक सुट्टीत तो प्रयोगशाळेची सगळी यंत्रे पुसून नव्याने तयार करी, तशी याही वेळी केली होती, त्यात आधी आणून ठेवलेली पॅकेजेही गेली होती. पहिल्याच तासाला एका मुलीने हात वर केला.

"सर, कावड काहीच आणत नाहीये."

पडद्यावर एक ओळ होती: 'ठिकाण सापडले नाही.' शेजारच्या यंत्रावर तीच. सगळीकडे तीच. त्याच आठवड्यात बाहेरगावच्या दोन शिक्षकांची पत्रे आली, कावड सप्टेंबरपासून बंद आहे का? इकबालच्या बोटांनी सवयीने तयार वाक्य पाठवून दिले. 'तिच्या कर्त्याशी संपर्क साधावा.' पाठवल्यावर तो ते वाक्य बराच वेळ वाचत राहिला.

संध्याकाळी त्याने अनिताला फोन केला.

"वहिनी, माऊलीने कावडीचं सामान कुठं ठेवलं होतं, काही कल्पना आहे?"

"म्हंजे? त्या पेटीतच की." अनिता थोडी हसली. "रातध्याड चालू असायची. लाइट गेली, की इन्व्हर्टरवर तेवढी एकच. आमी अंधारात जेवायचो आन पेटी उजेडात! मी म्हनायची, हिला सवत म्हनू का काय? सप्टेंबरात खोली सोडली तवा म्याच बंद केली. का वो भाऊजी?"

"काही नाही," इकबाल म्हणाला. "सहज विचारलं."

फोन ठेवल्यावर त्याची नजर टेबलाच्या कडेला गेली. पट्टी तिथेच होती.

पुढच्या महिनाभरात त्याने जे जे करता येणे शक्य होते, ते सारे केले. पुसलेल्या डिस्कमधून काही परत मिळणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी त्याने पेटी मागवून घेऊन पाहिले. भरड शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला लिहिले, तुमच्या यंत्रांवर कावडीने आणलेले काही उरले असेल तर कृपया पाठवा. बहुतेकांनी सुट्टीत यंत्रे साफ केली होती. तशी पद्धत इकबालनेच त्यांना घालून दिली होती. चार पॅकेजे आली, सगळ्यांच्या वापरातली. कंपायलरबरोबर कावड गेली असती, तर कावडीबरोबर ही पॅकेजेही अकरा ठिकाणी गेली असती आणि कोणाच्या एका पेटीवर त्यांचा जीव राहिला नसता, हे माऊलीला सांगावे लागले नसते. 'एकच वाट असली की ती मळती' म्हणताना तो हेच सांगत होता. इकबालने ऐकले होते ते कुजक्या धान्याचे, आणि तेही स्वतःच बोललेले.

डिसेंबरच्या अखेरीस त्याला टाकव्याची शाळा आठवली. तिथे नेटवर्क धड येत नाही, म्हणून माऊलीने स्वतः पेन ड्राइव्हवरून तिथली यंत्रे भरून दिली होती. इकबालने मोटारसायकल काढली. कामशेत मागे पडले, कान्हे फाट्यावरून तो आत वळला, इंद्रायणीचा पूल ओलांडला. भातखाचरे कापून मोकळी पडली होती. शाळेत चार यंत्रे होती. तीन बंद पडलेली. चौथे सुरू झाले.

त्यात आणखी तीन पॅकेजे मिळाली. आणि एक यादी. कावड आपल्याजवळ सगळ्या पॅकेजांची एक यादी ठेवी, प्रत्येकाचे नाव आणि पुढे माऊलीने लिहिलेली एक ओळ. एकूण एकेचाळीस नावे. सात हाती आली होती, चौतिसांची फक्त नावे उरली होती. इकबाल बाकावर बसून ती वाचू लागला. सदतिसाव्या नावावर तो थांबला. 'गिरणी'. पुढे ओळ होती: 'याह्याचाचांच्या गिरणीतली रांग. कोणाचे पोते आधी, कोणाचे मागून. इकबालला दाखवायची आहे.'

हे पॅकेज सातांत नव्हते.

माऊलीचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्याची आई रतनबाई ओट्यावर वाल निवडत होती, अनिता आतून पाणी घेऊन आली. इकबालने पाणी घेतले, पेला खाली ठेवला आणि जे घडले होते ते काहीही न वगळता सांगितले. माऊलीचे अकरा वर्षांचे काम त्या पेटीत होते. ते पुसले गेले. त्याने पुसले.

अनिताने पेला उचलून घेतला.

"म्या तर म्हनले साफ करा," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? पन तुमाला कळत व्हतं. एकदा इचारायचं, भाऊजी. वैनी, ह्यात काय हाय? निस्तं एवडंच."

"हो."

"पट्टी बी व्हती वर."

"होती."

"आगं, त्यानं उगडून बगितलं न्हाई," रतनबाई मध्येच म्हणाली. "त्याचा बाप बी तसाच. माजं पोतं दोन-दोन दिस पडून ऱ्हायचं, पन गाठीला हात न्हाई लावायचा. लय सच्चा मानूस."

"आत्या, ते पोतं येगळं," अनिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्याचा मालक माघारी येनार असायचा. ह्याचा येनार न्हवता."

इकबालने मान खाली घातली. म्हाताऱ्या बाईने दिलेली माफी त्याला घेववत नव्हती, आणि अनिताने माफी दिली नव्हती, यातच त्याला काहीतरी धरायला मिळाल्यासारखे वाटले.

"काय काय व्हतं रं त्यात?" रतनबाईने विचारले.

त्याने खिशातून कागद काढला. शाळेत त्याने यादी हाताने उतरवून घेतली होती. एकेक नाव तो वाचू लागला आणि त्यापुढची ओळ. रतनबाईला त्यातले फारसे काही समजत नव्हते. ती मात्र प्रत्येक नावागणिक वालाचा एक दाणा सुपाच्या कडेला वेगळा सारत होती. पोराने काय काय केले, ते तिला मोजून पाहायचे असावे. पावसाच्या नोंदीचे नाव आले तेव्हा अनिता म्हणाली, "ते मला ठावं हाय. पत्र्यावर डबा ठिवला व्हता मापायला. माजा लोनच्याचा डबा." आणि ती आत निघून गेली. भांड्यांचा आवाज झाला नाही. पुढे इकबाल आवाज थोडा चढवून वाचू लागला, आत ऐकू जावे म्हणून.

सदतिसावे आले.

"याह्याभाईंची गिरणी?" रतनबाईचा हात थांबला. "म्हंजे माजं पोतं बी आसंल त्यात. दाव की मग."

"नाही राहिली, काकू. नाव राहिलंय."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग तो दाणाही इतरांबरोबर कडेला सारला. "वाच म्होरं," ती म्हणाली.

फेब्रुवारीत भरडची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात कंपायलरबरोबर कावड होती. कावडीबरोबर सात पॅकेजे होती, आणि प्रत्येक यंत्रावर सर्वांची पूर्ण प्रत राहील अशी सोय होती. यादी इकबालने एकेचाळीसांचीच ठेवली. उरलेल्या चौतिसांपैकी कोणतेही मागितले, तर आता 'ठिकाण सापडले नाही' असे येत नाही. त्याऐवजी ही ओळ येते: 'हे पॅकेज माऊलीने लिहिले होते. इकबाल मुलाणी यांच्या हातून ते पुसले गेले.' सहकाऱ्यांनी सुचवले, इतके कशाला, 'उपलब्ध नाही' म्हणा. त्याने ती ओळ बदलली नाही. 'बंद करू नये' ही पट्टी आता प्रयोगशाळेच्या एका यंत्रावर लावलेली आहे.

पंधरा दिवसांनी एका महाविद्यालयातून पत्र आले. एक तरुण प्राध्यापक होता, बहुधा हुशार. त्याने लिहिले होते की कंपायलरबरोबर पॅकेज मॅनेजर देणे तत्त्वतः योग्य वाटत नाही. दोन्हींचे काम वेगळे, बदलण्याची गती वेगळी, आणि बाहेरून काही वाईट आले तर दोष भाषेला लागतो. तेव्हा नुसता कंपायलर वेगळा मिळू शकेल का?

इकबालने ते दोनदा वाचले. एकेक मुद्दा त्याच्या ओळखीचा होता, जवळपास त्याच शब्दांत. त्याने उत्तर लिहायला घेतले, एक परिच्छेद झाला, तो खोडला. शेवटी एकच ओळ पाठवली: 'वेगळा मिळणार नाही, क्षमस्व.'

हे उत्तर बरोबर होते की नाही, याविषयी त्याची खात्री नव्हती. ज्याच्याशी यावर वाद घालता आला असता, तो एकच माणूस होता. इकबालने यंत्रावर 'गिरणी' मागितले, आलेली ओळ वाचली आणि तासाची घंटा झाली म्हणून उठला.